बायपासनंतरची साखर

बायपास झालेल्या माणसाच्या घरी आमच्या निंबोला गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘ऑपरेशन झालं अन् शुगर लागली.’ गेल्या पंचवीस वर्षांत बायपास आमच्या बुऱ्हाणपूर भागात नवलाईचं राहिलं नाही. इंदूर, जळगाव, नाहीतर थेट मुंबई गाठायची. 2018 पासून आयुष्मान कार्डामुळे गरिबाच्या घरातही हा विचार होऊ लागला. वाक्य मात्र तेच राहिलं. याच काळात वैद्यकशास्त्राने त्या वाक्यातलं खरं-खोटं निवडून ठेवलं, पण ते गावापर्यंत आलंच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आधी त्यातलं खरं. छाती उघडली, रक्त यंत्रातून फिरलं, की शरीर त्याला मोठा घाव समजतं. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन उसळतात, यकृत साखर रक्तात सोडू लागतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. ज्याला कधी मधुमेह नव्हता त्याचीही साखर त्या दिवसांत चढते. पूर्वी हे स्वाभाविकच मानायचे आणि साखर दोनशेच्या वर गेल्याशिवाय फारसं कोणी मनावर घेत नसे.

1999 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या फर्नरी यांनी दाखवलं, की मधुमेही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर शिरेतून सतत इन्सुलिन दिलं, तर छातीच्या हाडाच्या खोल जखमेतला जंतुसंसर्ग 2 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर येतो. तारेनं बांधलेलं ते हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात. तिथे पू झाला तर घर दवाखान्यातच राहायला जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पाठोपाठ 2001 साली बेल्जियममधल्या ल्युव्हेनहून ग्रीट व्हान डेन बर्ग यांचा अभ्यास आला. अतिदक्षता विभागातले 1548 रुग्ण, त्यांत साठ टक्क्यांहून अधिक हृदयशस्त्रक्रियेचे. साखर 80 ते 110 मध्ये बांधून ठेवल्यावर मृत्यूचं प्रमाण 8 टक्क्यांवरून 4.6 वर आलं. जगभर इन्सुलिनचे पंप लागले. मग 2009 साली ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत उलटंच दिसलं : साखर इतकी ताणून खाली ठेवली की ती घसरून पडते, आणि मृत्यू वाढतात. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी 180 च्या आत ठेवण्यावर भर आहे. अतिदक्षतेत बोटाला पुन्हापुन्हा सुई टोचतात तेव्हा नातेवाईक कावतात. पण साखर वर जाऊ द्यायची नाही आणि फार खालीही नाही, म्हणूनच ती टोचाटोची. 2010 साली मॉन्ट्रियलच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली : शस्त्रक्रिया चालू असताना शरीर इन्सुलिनला जितकं कमी जुमानतं, तितक्या नंतरच्या गुंतागुंती जास्त, मग रुग्ण मधुमेही असो वा नसो.

आता त्या वाक्यातलं खोटं. पुष्कळांची साखर ऑपरेशनने येत नाही; ती आधीपासून असते, फक्त तिथे सापडते. 2002 साली स्वीडनमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या, मधुमेह माहीत नसलेल्या 181 जणांना ग्लुकोज पाजून तपासलं. 31 टक्क्यांना मधुमेह निघाला, आणखी 35 टक्के त्याच्या उंबरठ्यावर. आपल्याकडे तर अंगकाठी फसवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो बघा. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. केळीचे घड वाहणाऱ्या आमच्या सडपातळ शेतकऱ्याला ‘तुला कशाची शुगर?’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो रुग्ण घरी आल्यावर. भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. बुऱ्हाणपूरची माव्याची जिलबी, दराबा, केळ्यांची फणी, वर ग्लुकोजचा डबा. माया खरीच असते, पण ती नेमकी नको त्या वेळी येते. दुसरीकडे ‘हलू नको, पडून राहा’ हा धाक. छातीच्या हाडासाठी वजन उचलायचं नाही, हे बरोबरच. महिनाभर खाटेवर पडून राहणं मात्र बरोबर नाही. पडून राहिलेला स्नायू काही दिवसांतच इन्सुलिनला आणखी बधिर होतो. चालणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता साखर आत ओढतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं चालणं हे औषधच आहे. कळण्याची भाकर, डाळ, भाजी, पुरेशी प्रथिनं आपल्या चुलीवर आहेतच. शेव-भाजीचा तर्रीदार रस्सा काही दिवस बाजूला ठेवावा.

आणखी एक गोष्ट सुटते. दवाखान्यातून सोडताना साखर उतरलेली दिसली की फाइल कपाटात जाते. रक्त चढवलं असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही त्या वेळी चुकीचा आकडा दाखवू शकते. म्हणून घाव भरल्यावर, तीनेक महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून उपाशीपोटी आणि 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी अशी साखर पुन्हा बघून घ्यावी. त्यासाठी इंदूरला जायची गरज नाही. बुऱ्हाणपूरला सकाळी उपाशी गेलं तर दुपारच्या आत माणूस निंबोल्याला परततो.