शिक्षा आणि शिक्षण : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दुःखविचार

जबलपूरच्या सदर भागात राहणाऱ्या मराठी माणसाला एका शब्दाची गंमत सहज जाणवते. बाहेर हिंदी पाटीवर ‘शिक्षा’ हा शब्द विद्यादानाच्या अर्थाने लिहिलेला असतो. घरात आई मुलाला ‘शिक्षा करीन’ म्हणते तेव्हा मूल हात मागे लपवते. शब्द एकच, परंतु एका भाषेत त्याने शाळेची वाट धरली, तर दुसरीत दंडाची. त्याचे मूळ शिकण्याच्या धातूत आहे. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ या अंगाचा विषय वेदांचा शुद्ध उच्चार शिकविणे हाच आहे.

हा शब्दविचार येथे करण्याचे कारण असे की, ख्रिस्ती धर्मातील दुःखमीमांसा मराठीत उतरताना नेमकी याच शब्दाच्या आधाराने उतरली आहे. बायबलातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात देव श्रद्धावंतांना दुःखातून वळण लावतो, जसा पिता आपल्या पुत्राला लावतो, असा विचार आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पैदेईया’ हा ‘मूल’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला असून त्यात संगोपन, संस्कार आणि ताडन या तिन्ही छटा आहेत. प्रचलित मराठी बायबलात त्यासाठी ‘शिक्षा’ हा शब्द योजलेला आहे. त्यामुळे मराठी वाचकापुढे प्रारंभापासूनच एक प्रश्न उभा राहिला: दुःख हा न्यायाधीशाने दिलेला दंड मानावयाचा, की पित्याने दिलेला पाठ?

तत्त्व म्हणून याचे उत्तर स्पष्ट आहे. दंड भूतकाळाकडे पाहतो व अपराधाची भरपाई मागतो. पाठ भविष्याकडे पाहतो व माणूस घडवू इच्छितो. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वतः ख्रिस्तही दुःख भोगून आज्ञापालन शिकला असे म्हटले आहे. जो निष्पाप मानला गेला त्यालाही दुःखातून शिकावे लागले. तेव्हा दुःख हे पापाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. या एका मुद्द्यापाशी ख्रिस्ती विचार कर्मविपाकाच्या रूढ कल्पनेपासून वेगळा होतो.

परंतु या तत्त्वात एक मोठा धोकाही दडलेला आहे. सुखात असलेल्या माणसाने दुःखिताला हे सांगितले की त्याचे तत्काळ क्रौर्यात रूपांतर होते. ईयोबाच्या ग्रंथातील मित्र नेमके हेच करतात. त्यांची विधाने वरकरणी धर्मशास्त्राला धरूनच आहेत. तरीही ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाचा पक्ष उचलून धरतो. तेव्हा ‘दुःखाने मला शिकविले’ आणि ‘दुःख तुला शिकवील’ ही दोन विधाने केवळ व्याकरणाने भिन्न नाहीत, नीतीनेही भिन्न आहेत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील उत्तम लेखनाची कसोटी, माझ्या मते, हीच आहे: ते हा विचार कोणत्या पुरुषात मांडते?

या बाबतीत मराठीची भूमी आधीच नांगरलेली होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले. पुढे एका अभंगात त्यांनी या हानीबद्दल देवाचे आभार मानले आहेत. ते वाचताना अंगावर काटा येतो, पण संताप येत नाही. कारण बोलणारा स्वतः पोळलेला आहे आणि शेजाऱ्याला काहीही सांगत नाही. नारायण वामन टिळक (1861–1919) यांची तुकारामांवरील भक्ती प्रसिद्ध आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत आणली. वृत्ताबरोबर अभंगाचा ‘मी’ही ख्रिस्ती वाङ्मयात आला, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

त्या ‘मी’चे सर्वात प्रामाणिक रूप टिळकांच्या काव्याइतकेच लक्ष्मीबाई टिळकांच्या गद्यातही आढळते. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर कोसळलेले दुःख कोणा परक्याने नव्हे, तर ज्याला त्या देव मानीत आल्या त्या माणसानेच दिलेले होते. काही वर्षे ताटातुटीत गेली. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ (1934–36) मध्ये सोवळ्याचे कडक संस्कार घेऊन वाढलेल्या या बाईच्या मनातून जातिभेद हळूहळू गळून पडताना दिसतो. मात्र त्या कोठेही प्रवचन मांडत नाहीत. ज्या वर्षांत त्या रडल्या त्या वर्षांतील स्वतःच्या फजितीवर त्या हसतात, आणि पतीच्या चुका झाकीत नाहीत. दुःख पचल्याची याहून मोठी खूण कोणती? परिपक्वता हा शब्द न उच्चारता ती येथे सिद्ध होते.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे (1858–1922). 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1907 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी त्या उपासमारीची आठवण लिहिली आहे. ब्राह्मणपणाच्या अभिमानामुळे अंगमेहनतीचे काम करणे आपल्या कुटुंबाला जमले नाही, याची कबुली तीत आहे. 1896–97 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला; जबलपूर जिल्हाही त्यातून सुटला नाही. तेव्हा रमाबाई या प्रांतात आल्या आणि अनाथ मुली व विधवा यांना घेऊन गेल्या. त्या भुकेल्या मुलींना त्यांनी आधी अन्न आणि छप्पर दिले. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे शेती, विणकाम, छपाई शिकविली जाऊ लागली. जे न शिकल्यामुळे आपले घर उपाशी मेले, ते या मुलींना आले पाहिजे, असाच जणू त्या अभ्यासक्रमाचा अर्थ आहे. स्वतःच्या दुष्काळाचा पाठ त्यांनी स्वतःपुरता वाचला. इतरांच्या दुष्काळात त्यांनी केवळ कर्तव्य वाचले.

1921 मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यानंतर उरलेल्या काही महिन्यांतही बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. या शेवटच्या दुःखाने त्यांना काय शिकविले, हे सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. येथे थांबणे हाच या विचाराचा विवेक होय.

सारांश, दुःख देवाच्या हातचे साधन आहे की नाही, याचा निर्णय साहित्यसमीक्षा करू शकत नाही. तो श्रद्धेचा प्रांत आहे. समीक्षेला एवढेच पाहता येते की, लेखक ते साधन कोणावर चालवितो. दुसऱ्याच्या जखमेकडे बोट दाखवून लिहिलेली दुःखमीमांसा, ती कोणत्याही धर्माची असो, मराठीतील त्या शब्दाच्या रूढ अर्थापाशीच अडते आणि दंड होते. स्वतःच्या जखमेतून लिहिलेली मीमांसा त्याच्या मूळ अर्थापर्यंत पोहोचते. तुकाराम, लक्ष्मीबाई आणि रमाबाई या तिघांच्या लेखनात ‘शिक्षा’ पुन्हा शिकणे झाली आहे.