टॅबवरचे शब्दखेळ आणि वस्तीवरची मुले

नाताळच्या अंकानंतर दोन-तीन मंडळ्यांकडून एकच विचारणा आली. घरात न वापरलेले टॅब आणि मोबाइल पडून आहेत, ते भोकरदनच्या वस्तीवरील मुलांसाठी पाठवले तर चालतील का? त्यांवर अक्षरे आणि शब्द शिकवणारे खेळ घालता येतात, हे सर्वांनी ऐकलेले आहे. चालतील, जरूर पाठवा. मात्र हे खेळ काय करतात आणि काय करीत नाहीत हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपली देणगी कशावर खर्च व्हावी हे त्यावरच ठरते.

अशा खेळांपैकी संशोधकांनी बारकाईने तपासलेला एक म्हणजे ‘ग्राफोगेम’. फिनलंडमधील युव्हास्कुला विद्यापीठात हेइक्की ल्युतिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी तयार केला. खेळ साधा आहे. कानात एक आवाज येतो, पडद्यावर काही अक्षरे दिसतात, त्यांतले बरोबर अक्षर मुलाने बोटाने निवडायचे. जमले की पुढचे अक्षर, मग शब्द. म्हणजे आवाजाची आणि अक्षराची गाठ पुन्हा पुन्हा बांधायची, एवढेच काम. तीच गोष्ट न चिडता शंभर वेळा विचारणे यंत्राला जमते. समोर चाळीस मुले असताना शिक्षकाला ते कसे जमावे?

पण पुढची गोष्ट दात्यांनी लक्षपूर्वक वाचावी. २०२० साली या खेळावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सगळे अभ्यास मिळून पाहिले तर मुलांच्या शब्दवाचनावर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य दिसला. मात्र जिथे मोठे माणूस मुलाशी बोलत, विचारत, सोबत राहिले होते, तिथे फरक स्पष्ट होता. त्याआधी आफ्रिकेतील झांबियात हा खेळ तिथल्या मुलांच्या भाषेत करून दिला होता. तिथेही सर्वांत चांगला परिणाम दिसला तो मुलांबरोबर शिक्षकही खेळले त्या गटात.

आमच्या संध्याकाळच्या वर्गातही याचा प्रत्यय येतो. तीन चित्रांतले एक निवडायचे असले की हुशार मूल दोन चित्रे गाळून तिसऱ्यावर बोट ठेवते. पडद्यावर तारे उधळतात, टाळ्या वाजतात. तोच शब्द पाटीवर लिहिला की मूल माझ्या तोंडाकडे बघते! म्हणून खेळ झाला की लगेच पाटी, हा आमचा नियम आहे.

मराठीची आणखी एक अडचण आहे, जी परदेशी खेळांना माहीत नसते. इंग्रजीत अक्षरे २६. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी धरली तर चारशेहून अधिक आकार होतात, जोडाक्षरे वेगळीच. ‘दिवा’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. ‘चहा’तला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, चिन्ह मात्र एकच. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला आहे. कन्नड लिपीची घडणही आपल्यासारखीच. तिथे सर्व अक्षरे हाताखालून जायला पहिली-दुसरीच नव्हे तर चौथीपर्यंतचा काळ लागतो, असे त्यांना आढळले. तेव्हा दोन महिन्यांत वाचायला लावणाऱ्या खेळाची जाहिरात कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. बाराखडी न शिकवता नुसते ‘अ अननसाचा’ म्हणवून घेणारे खेळ तर मी सरळ काढून टाकते.

अननसाचेच घ्या. आमच्याकडच्या भिल्ल मुलांनी ते फळ हातात घेतलेले नसते. घरी बोलली जाते भिली, शाळेत मराठी, आणि फुकट मिळणाऱ्या कित्येक खेळांत इंग्रजी. मुलाला जो शब्दच माहीत नाही, त्याची अक्षरे जुळवून त्याला काय वाचल्याचा आनंद होणार? मका, शेळी, मिरची, कापूस, कोयता हे शब्द त्याला माहीत असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांना पाने, बिया, शिंपले घेऊन शिकवले, ते याच कारणाने. आम्ही आता अशा शब्दांची चित्रपत्रे हाताने करतो आणि खेळाच्या आधी तीच खेळतो. मुलांच्या आयांना बोलावून त्या शब्दांची भिली नावे विचारतो. त्या हसतात, एकमेकींना दुरुस्त करतात, आणि मुले कान टवकारून ऐकतात.

थोडे वाचू लागलेल्या मुलांसाठी गूगलचे ‘रीड अलाँग’ आहे. २०१९ साली ते ‘बोलो’ या नावाने भारतात सुरू झाले, पुढे त्यात मराठी गोष्टीही आल्या. मूल मोठ्याने वाचते, पडद्यावरची दिया ऐकते आणि अडले तिथे मदत करते. एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. आवाज ऐकणाऱ्या अशा खेळाला शांत कोपरा मात्र हवा.

दिवाळीनंतर काही घरे ऊसतोडीला जातात. मुले बरोबर गेली की शाळा तुटते, आणि आपले टॅब इथल्या कपाटातच राहतात. बापाच्या खिशातला मोबाइल मात्र फडावर जातो. म्हणून या वर्षी निघण्याआधी त्याच मोबाइलवर खेळ आणि गोष्टी उतरवून द्यायच्या, आणि रात्री दहा मिनिटे मुलाजवळ कोण बसेल हे आईबापांशी बोलून ठरवायचे, असा बेत आहे.

तेव्हा टॅब पाठवणाऱ्यांनी दोन-चार चांगलेच पाठवावेत, बॅटरी टिकणारे, आणि प्रत्येकाबरोबर कानाला लावायचे हेडफोन. उरलेली रक्कम वस्तीवरच्याच एखाद्या दहावी झालेल्या, भिली बोलणाऱ्या मुलीच्या मानधनासाठी द्यावी. मुलांशेजारी रोज संध्याकाळी एक तास बसायला ती हवी आहे. पाट्या आणि जाड कार्डबोर्डही लागेल, ते इथे बाजारात मिळते.