बाळू, बॉल आणि बोळकं

आपलं शहर, छत्रपती संभाजीनगर, कुणी वसवलं, माहीत आहे का? हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या मलिक अंबरने! १६१० मध्ये, तेव्हाचं नाव खडकी. आता तीनशे वर्षं फास्ट फॉरवर्ड. १९१०, अमेरिका. जगाचा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन जॅक जॉन्सनने गोऱ्या जेफ्रीजला लोळवलं, आणि गावोगावी दंगली पेटल्या! ठोसा एकाला, कळ सगळ्यांना.

आपल्याकडचा जॅक जॉन्सन कोण? हातात ग्लोव्ह्ज नाहीत, लाल चेंडू. डावखुरा स्पिनर बाळू पालवणकर!

जन्म १८७६, चर्मकार कुटुंब. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नोकरी, पगार महिना चार रुपये. पिच रोल करा, नेट लावा, साहेबांना बोलिंग टाका. बॅट? तिचं नावच काढायचं नाही! कॅप्टन ग्रेग म्हणे स्वतः आऊट झाला की बाळूला आठ आणे द्यायचा. करा हिशोब : आठ विकेटी, महिन्याचा पगार वसूल.

आता खरा गुगली. पुढे तो पुण्याच्या हिंदू टीमकडून खेळू लागला. मैदानात त्याचा बॉल सगळे बिनधास्त हाताळायचे. टी-टाइम झाला की टीम पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपात चहा प्यायची. बाळू बाहेर, मातीच्या बोळक्यात. जेवायचं टेबल वेगळं. तोंड धुवायला पाणी आणणारा नोकरसुद्धा अस्पृश्यच. विटाळ सगळ्याला, फक्त चामड्याच्या बॉलला नाही. सोयीचं सोवळं, दुसरं काय!

फेब्रुवारी १९०६, मुंबई. हिंदू विरुद्ध युरोपियन. साहेब १०९ धावांनी साफ! बाळूच्या विकेटी? आठ.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांची टीम इंग्लंडला गेली आणि धडाधड हरली. बाळूने मात्र त्या दौऱ्यात ११४ विकेटी काढल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी जॅक जॉन्सनची लंडनमधली फाइट रद्द झाली. रद्द करणारा गृहमंत्री कोण, माहीत आहे का? विन्स्टन चर्चिल!

राजकारणाच्या पिचवरही बाळूची एक इनिंग झाली. १९३७, मुंबई, काँग्रेसचं तिकीट. समोर कोण? साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तरुणपणी याच बाळूचे फॅन! बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. मॅच काट्याची, विजेते बाबासाहेब. त्यांनीच १९५० मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं.

आणि हो, हिंदू टीमची कॅप्टनशिप! ती बाळूला कधीच मिळाली नाही. १९२० मध्ये त्याला डावलल्यावर धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल चक्क टीम सोडून बसले. लोक खवळले, निवड समिती नरमली, बाळू व्हाइस-कॅप्टन. पूर्ण बिल मात्र १९२३ मध्ये वसूल झालं : हिंदू टीमचा कॅप्टन विठ्ठल पालवणकर, आणि त्याच वर्षी धर्मवार टीमांची चौरंगी स्पर्धा खिशात!