बटणाएवढ्या निवडुंगाला गोड मिरच्या कशा लागतात?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात चुनखडीचे उघडेबोडके डोंगर आहेत. तिथल्या खडकांच्या फटींत पांढुरके, गोल गोटे रुतून बसलेले दिसतात. सुपारीएवढे, फार तर लिंबाएवढे. सवय नसलेल्या माणसाला ते दगडच वाटतात. मग एके दिवशी त्या गोट्यांच्या डोक्यातून लालचुटूक, चकचकीत, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीची फळं वर आलेली दिसतात आणि हा दगड नसून निवडुंग आहे हे कळतं.

या निवडुंगाचं शास्त्रीय नाव आहे 'एपिथेलांथा मायक्रोमेरिस'. इंग्रजीत त्याला 'बटण कॅक्टस' म्हणतात. न्यू मेक्सिको, टेक्सास आणि सीमेपलीकडे मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या राज्यांत तो वाढतो. मेक्सिकोत अशा छोट्या निवडुंगांच्या लाल फळांना 'चिलितोस' म्हणतात, म्हणजे छोट्या मिरच्या. साम्य फक्त रूपाचं. ही फळं तिखट नसतात, किंचित गोड-आंबट असतात आणि सरळ तोंडात टाकता येतात.

आपल्याकडे ज्यांनी लहानपणी फड्या निवडुंगाची बोंडं खाल्ली आहेत, त्यांना 'सरळ तोंडात टाकता येतात' या शब्दांचं मोल कळेल. बोंडांवरची बारीक कुसं जिभेत, ओठांत रुततात, म्हणून ती आधी मातीत घोळवून किंवा विस्तवावर धरून साफ करावी लागतात. चिलितोसवर एकही काटा किंवा कुसळ नसतं. पण एका फळात ऐवज तो केवढा! थोडासा गर आणि कुरकुरीत काळ्या बिया. पोट भरण्याचं हे फळ नव्हे. रानात हिंडताना करवंदं तोंडात टाकावीत, तसा हा प्रकार आहे.

फळ डोक्यातून बाहेर कसं येतं?

हा निवडुंग राहतो त्या चिवावा वाळवंटात वर्षाला सरासरी 250 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर-सांगलीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या पावसाच्या साधारण निम्मा. तोही बहुतेक उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. उन्हाळ्यात खडक तापतात आणि हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जातो. इतक्या छोट्या रोपाने अशा ठिकाणी तगायचं, तर पाणी वाचवण्याला पर्याय नाही.

त्याला पानं नाहीत. अन्न तयार करण्याचं काम हिरवं खोडच करतं. दिवसा खोडावरची सूक्ष्म छिद्रं उघडली तर आतली वाफ उडून जाईल, म्हणून ती रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा छिद्रं मिटलेली असताना उन्हाच्या जोरावर त्यापासून साखर बनते. ही काटकसर सगळेच वाळवंटी निवडुंग करतात. तिची किंमत म्हणजे वाढीचा वेग. बियांपासून उगवलेल्या रोपाला फुलावर यायला काही वर्षं लागतात आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

बटण कॅक्टसचे काटे टोचण्यासाठी नसतातच म्हटलं तरी चालेल. खोडावर बारीक उंचवट्यांच्या रांगा असतात. एकेका उंचवट्यावर वीसहून अधिक पांढरे, इवलेसे काटे चपटे पसरलेले असतात. सगळे मिळून खोडावर जणू पांढरी जाळी विणतात. त्यातून खोडाला सावली मिळते आणि प्रखर ऊन काही प्रमाणात परतवलं जातं. माथ्यावरचे कोवळे काटे जरा लांब असतात. पुढे त्यांची टोकं मोडतात, तिथे खळगी पडते आणि रोप बटणासारखं दिसू लागतं.

त्या खळगीत लोकरीसारखा मऊ पुंजका असतो. फिकट गुलाबी फुलं तिथेच उमलतात, जेमतेम सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही लहान. फूल सुकून गेलं की वरून काहीच घडत नाही असं वाटतं. बीजकोश मात्र लोकरीत दडलेला असतो. कोवळं फळ तिथे ऊन-वाऱ्यापासून आणि कुरतडणाऱ्या तोंडांपासून झाकलेलं राहतं. पिकायच्या वेळी ते लांबतं आणि वर सरकतं. पांढऱ्या गोट्यावर लाल ठिपका म्हणजे खाणाऱ्यांना लांबूनच दिलेलं आमंत्रण. फळ खाऊन बिया दुसरीकडे टाकणारं कुणीतरी या रोपाला हवंच असतं.

हा लाल रंगही जांभळा-करवंदांतला नाही. त्यांचा रंग अँथोसायनिन या द्रव्यामुळे येतो. निवडुंगांच्या फळा-फुलांत असतं बीटालेन, म्हणजे बीटाला लाल करणारं द्रव्य. ही दोन्ही द्रव्यं एका वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत. ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर बोटं बीट चिरल्यासारखी रंगतात, त्याचं कारण हेच. तेही निवडुंगाचंच फळ आहे.

नाव एका फुलाच्या जागेवरून

सेंट लुईस शहरातले डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांनी 1856 मध्ये या निवडुंगाचं वर्णन केलं. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातली नवी सीमा आखण्यासाठी निघालेल्या पथकांनी जमवलेले नमुने त्या काळात त्यांच्याकडे अभ्यासाला येत होते. एंगेलमन यांनी त्याला मॅमिलारिया या मोठ्या कुळात घातलं. दिसायला तो तसाच होता. पण मॅमिलारियाची फुलं दोन उंचवट्यांमधल्या खाचेत येतात आणि याची उंचवट्याच्या टोकाशी. या फरकावरून तो वेगळा काढला गेला आणि 1922 मध्ये ब्रिटन आणि रोझ यांच्या निवडुंगांवरच्या ग्रंथात 'एपिथेलांथा' हे नाव पक्कं झालं. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या या नावाचा अर्थच 'उंचवट्यावर फूल असलेला' असा आहे.

पुस्तकांत नोंद होण्याच्या कितीतरी आधीपासून तो स्थानिकांना ठाऊक होता. नॉर्वेजियन संशोधक कार्ल लुमहोल्ट्झ यांनी 1902 च्या आपल्या ग्रंथात रारामुरी लोकांच्या समजुती नोंदवल्या आहेत. हा समाज मेक्सिकोच्या डोंगरांत राहतो आणि लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध आहे. या निवडुंगामुळे डोळे स्वच्छ होऊन चेटूक करणारे ओळखू येतात, आयुष्य वाढतं आणि धावणाऱ्यांना वेग मिळतो, असं ते मानत. ही समजूत निवडुंगाच्या खोडाबद्दलची आहे. खाण्याजोगं आहे ते फळ, खोड नव्हे.

फळ नको, रोपच हवं

खरी अडचण फळ खाणाऱ्यांची नाही. फळ तोडलं तरी रोप जागेवर राहतं आणि पुन्हा फुलतं. अडचण आहे ती सगळं रोपच उपटून नेणाऱ्यांची. बटण कॅक्टस छोटा, देखणा, खिशात मावणारा आणि पाण्यावाचून दीर्घकाळ तग धरणारा आहे. शौकिनांना तो ज्या गुणांमुळे आवडतो, त्याच गुणांमुळे त्याची चोरी सोपी होते. शिवाय हळू वाढणाऱ्या रोपाचं वय हीच त्याची किंमत असते. रोपवाटिकेत बी पेरून वर्षानुवर्षं थांबण्यापेक्षा डोंगरावरून जुनं रोप खणून आणणं विक्रेत्याला स्वस्त पडतं.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निवडुंगांच्या 1,478 जाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या 31 टक्के जाती धोक्यात असल्याचं आढळलं. धोक्यातल्या जातींपैकी 47 टक्के जातींना बागांसाठी आणि खासगी संग्रहांसाठी होणाऱ्या रोपं-बियांच्या उचलेगिरीची झळ बसत होती. पश्चिम टेक्सासच्या याच टापूत 'लिव्हिंग रॉक' नावाचा आणखी एक दगडासारखा निवडुंग वाढतो. त्याच्या तस्करीविरुद्ध गेल्या दशकात अमेरिकी वन्यजीव खात्याने मोहीम काढली, तेव्हा हजारो रोपं जप्त झाली. त्यांतली बरीच अल्पाइन गावातल्या विद्यापीठाच्या हरितगृहात ठेवावी लागली. एकदा उपटलेलं रोप नेमकं कुठल्या डोंगरावरचं, हे सांगता येत नाही. त्यामुळे ते परत लावणं हेही सोपं काम उरत नाही.

यात नुकसान फक्त उपटलेल्या रोपाचं होत नाही. एखाद्या उतारावरची फळणारी मोठी रोपं गेली की फळं जातात, बिया जातात आणि नवी रोपं यायची थांबतात. उरलेली पिल्लं फळायला लागेपर्यंत काही वर्षं जातात. तेवढ्यात पुन्हा कुणी पिशवी घेऊन आला, तर तो उतार रिकामा होतो.

'सायटिस' हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार 1975 पासून लागू आहे. काही मोजके अपवाद वगळता सगळं निवडुंग कुळ त्याच्या परिशिष्टांत येतं. एपिथेलांथा दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्याचा व्यापार बंद नाही, पण देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. मेक्सिकोतून येणाऱ्या निवडुंगांच्या बियांनाही हा नियम लागू आहे. परदेशातून 'भेटवस्तू' म्हणून पाकिटात निवडुंग मागवणाऱ्यांना हे अनेकदा माहीत नसतं. भारतात रोप आणताना सायटिसच्या कागदांबरोबर वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्रही लागतं.

पुण्या-मुंबईतल्या हौशी लोकांना हा निवडुंग हवा असेल, तर बियांपासून वाढवलेली किंवा दुसऱ्या निवडुंगावर कलम केलेली रोपं मिळू शकतात. कलम केलेलं रोप लवकर वाढतं, फक्त ते जरा फुगीर दिसतं. रानातून खणलेलं रोप बहुधा ओळखू येतं. त्याचा बुंधा तपकिरी, बुचासारखा झालेला असतो, काटे झिजलेले असतात, मुळं तुटलेली असतात आणि त्यांत चुनखडीचे कण अडकलेले असतात. रोपवाटिकेतलं रोप चारही बाजूंनी सारखं आणि स्वच्छ असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे 'निवडुंग' हा शब्द सैल वापरला जातो. कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग कॅक्टस नाहीच, तो युफोर्बिया गटातला आहे. तोडला की पांढरा चीक येतो आणि तो चीक विषारी असतो, डोळ्यात गेला तर मोठी इजा करतो. कॅक्टसची फळं खाता येतात हे वाचून अशा काटेरी झाडाचं फळ कुणी तोंडात टाकू नये.