गळक्या झडपेची सुरुवात घशातून

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. झडप नीट मिटली नाही की दर ठोक्याला काही रक्त मागे फिरते. ताण पडून हृदय मोठे होते. मग जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, पायांवर सूज येते.

उतारवयात झडप झिजते. हार्ट अटॅकनंतरही ती गळू लागते. तरुणांमध्ये मात्र आपल्याकडे मुख्य कारण म्हणजे लहानपणीचा संधिवाताचा ताप. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे एकामागून एक सुजतात. सांधे बरे होतात. झडप कायमची बिघडू शकते.

अशा मुलाला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. झडप बिघडली असल्यास चाळिशीपर्यंतसुद्धा. सदरमधल्या माझ्या दवाखान्यात पालक विचारतात, "पोरगं तर खेळतंय, मग सुई कशाला?" सुई थांबली की ताप उलटतो आणि दर खेपेला झडप आणखी खराब होते.

गळती किती, हे इको तपासणीत कळते. थोडी असल्यास नियमित तपासणी पुरते. औषधांनी धाप व सूज कमी होते, झडप दुरुस्त होत नाही. गळती जास्त असल्यास शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची भारतीय बनावटीची झडप 1990 साली प्रथम रुग्णाला बसवली गेली. अशी कृत्रिम यांत्रिक झडप बसवल्यावर रक्त गोठू न देणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

म्हणून मुलाच्या घसादुखीनंतर सांधे सुजले, तर नुसते तेल चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.