एक तोळ्याची गोळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण मागं पडलं की थोड्या वेळानं डाळज येतं. डाव्या अंगाला उजनीचं पाणी, उजव्या अंगाला ऊस आणि तो संपला की कडबनवाडीच्या बाजूचा माळ. या माळावर चिंकारा आहे. वीस-पंचवीस किलोचं, लाजरं, वाळल्या गवताच्या रंगाचं जनावर. आफ्रिकेतला स्प्रिंगबॉक हा त्याचाच भाऊबंद. प्राणिशास्त्र दोघांना एकाच गोतात बसवतं. नामिबियात किंवा दक्षिण आफ्रिकेत परवाना काढून स्प्रिंगबॉकची शिकार करता येते. आपल्याकडं चिंकारा मारला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

आफ्रिकेतल्या शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, 'बंदूक कोणती?' खरं तर 'गोळी कोणती?' असं विचारायला हवं. जनावर जागच्या जागी पडतं, की जखम घेऊन दोन दिवस काटेरी झुडपात कण्हत राहतं, हे नेम आणि गोळी मिळून ठरवतात. बंदुकीचा मान त्यानंतरचा.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण बोलताना ज्याला गोळी म्हणतो ते बहुतेक वेळा काडतूस असतं. पितळी नळकांडं, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि गोळी तेवढी पुढं जाते. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. तिथल्या जुन्या काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' अशी अक्षरं असतात, ती किर्कीची, म्हणजे साहेबाच्या तोंडी झालेल्या खडकीची.

गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. आफ्रिकेच्या मैदानी शिकारीत, म्हणजे हत्ती, सिंह, रानरेडे सोडून हरणा-काळविटांसारख्या जनावरांच्या शिकारीत, एक फार चालणारं काडतूस आहे. त्याला 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणतात. त्यातलं 'सिक्स' म्हणजे १९०६ साल. त्यात १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. आता गंमत पाहा, १८३३ साली इंग्रजांनी तोळा ठरवला तोही बरोबर १८० ग्रेनचा! म्हणजे ही गोळी सराफाच्या तराजूत नेमकी एक तोळा भरेल. हा तोळाभर ऐवज नळीतून बाहेर पडतो तो सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं.

वेग आणि वजन मिळून ऊर्जा होते. नामिबियात तिची किमान मर्यादा कायद्यानंच घालून दिलेली आहे. स्प्रिंगबॉकसाठी १३५० ज्यूल, कुडू किंवा गेम्सबॉकसारख्या मोठ्या जनावरासाठी २७००, रानरेड्यासाठी ५४००. २७०० ज्यूल म्हणजे क्विंटलभर ज्वारीचं पोतं नऊ फूट उचलायला लागेल तेवढी ऊर्जा. आपली तोळाभराची गोळी जवळजवळ ३९०० ज्यूल घेऊन निघते, तेव्हा मैदानावरच्या बहुतेक जनावरांना ती पुरते. त्याहून दांडगी बंदूक नेणारे हौशी असतात. पण खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीनं चाप ओढतानाच डोळे मिटले, तर ती ऊर्जा मातीत जाते.

ऊर्जा पुरेशी असली तरी ती जनावराच्या अंगात उतरायला हवी आणि इथंच गोळीची घडण महत्त्वाची ठरते. शिशाच्या गोळीला तांब्याचं पूर्ण कवच असेल, तर ती आरपार निघून जाते आणि मागं बारीक भोक ठेवते. जनावर पळतं आणि मरतं ते दूर कुठंतरी. टोकाला शिसं उघडं ठेवलं, तर गोळी आत शिरताच छत्रीसारखी उमलते आणि जखम रुंद होते. अशा गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात निघाल्या, म्हणून त्यांना 'डमडम' नाव पडलं. १८९९ साली हेग परिषदेनं युद्धात त्या वापरायच्या नाहीत असं ठरवलं. शिकारीत मात्र नेमकं उलटं आहे. ब्रिटनमध्ये हरणावर उमलणारीच गोळी झाडली पाहिजे असा कायदा आहे. सैनिक जखमी होऊन लढाईतून बाद झाला तरी युद्धाचं काम भागतं. जनावर जखमी होऊन निसटणं ही शिकाऱ्याची नामुष्की. आफ्रिकेत तर रक्ताचा थेंब सांडून जनावर निसटलं, तरी शिकाऱ्याकडून त्याचे पूर्ण पैसे घ्यायची रीत आहे.

पण फार लवकर उमलणारी गोळीही घातक. दोन-अडीचशे किलोच्या कुडूच्या खांद्याच्या हाडावर ती फुटून गेली, तर काळजापर्यंत पोचतच नाही. तिकडच्या काळविटांचं काळीज आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढच्या पायांच्या मध्ये असतं, त्यामुळं वाटेत हाड येतंच. फार खोल जाणारी गोळी घ्यावी, तर कळपात मागं उभं असलेलं दुसरं जनावर जायबंदी होतं. म्हणून मध्यम उमलणारी, वजन टिकवणारी गोळी जाणते लोक निवडतात आणि मागं दुसरं जनावर नाही ना, हे पाहूनच चाप ओढतात. अंतराचंही भान लागतं. दोनशे यार्डांवर नेम बसवलेली ही गोळी तीनशेवर जवळजवळ एक वीत खाली लागते. स्प्रिंगबॉकच्या छातीची खोली लक्षात घेतली, तर ही वीत थोडी नाही.

गेल्या काही वर्षांत या निवडीत आणखी एक गोष्ट आली. उमलताना शिशाचे बारीक कण सुटतात आणि मांसात लांबवर पसरतात. क्ष-किरणाच्या फोटोत ते हिमाच्या भुरभुरीसारखे दिसतात. ते माणसाच्या पोटात जातात, तसेच मागं टाकलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांच्याही. बोत्स्वानातल्या गिधाडांच्या रक्तात शिसं सापडलं आहे. कॅलिफोर्नियानं जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची काडतुसं बंद केली, डेन्मार्कनं एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्याही. त्यांची जागा निखळ तांब्याच्या गोळीनं घेतली. ती पाकळ्यांसारखी उमलते आणि वजन जवळजवळ पूर्ण राखते. मात्र तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते; शिवाय वेग उतरला तर ती नीट उमलत नाही.

आपल्या तालुक्यात बंदुकीचा प्रश्न येतो तो रानडुकरामुळं. उभं पीक जात असेल, तर कायद्याच्या अकराव्या कलमाखाली वनखात्याकडून लेखी परवानगी मिळू शकते. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. पण परवानगी मिळाली म्हणून पाखरांवर झाडायच्या बारीक छऱ्यांनी डुकराला मारायला जाऊ नये. छरे कातड्यात अडकतात आणि जखमी डुक्कर उसात शिरतं. सकाळी त्याच उसात तोडणीला बायामाणसं जायची असतात.