मीटरभर रुळांची गोष्ट

अंगणात खडूने एक मीटर अंतर ठेवून दोन समांतर रेघा ओढा. झाला मीटरगेजचा मार्ग! ब्रॉडगेजच्या रुळांत १.६७६ मीटर अंतर असतं.

एकेकाळी दक्षिण भारतात मीटरगेजचं मोठं जाळं होतं. पण दोन मापांचे रूळ भेटले, की प्रवाशांना गाडी बदलावी लागे आणि मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्यात भरावी लागत. म्हणून १९९२ पासून मीटरगेजचं ब्रॉडगेज करण्याचं काम जोरात सुरू झालं.

माझा एक मित्र भारी रेल्वेवेडा. केरळातला पुनलूर ते तमिळनाडूतलं सेंगोट्टई हा घाटमार्ग २०१० साली बंद होणार, हे कळताच तो धावतपळत तिकडे गेला. बोगदे, झाडी, तेरा कमानींचा दगडी पूल! "खिडकी सोडवेना रे," तो सांगत होता. २०१८ मध्ये तिथे ब्रॉडगेज आलं. जुना पूल मात्र अजून गाड्या पेलतो आहे.

मग तो निलगिरीत गेला. मेट्टुपालयम ते ऊटी, ४६ किलोमीटर. काही ठिकाणी साडेबारा मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. चाकं घसरणार नाहीत का? म्हणून कल्लार ते कुन्नूर रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत. इंजिनाचं दातेरी चाक त्यांत अडकतं आणि गाडी वर सरकते. २००५ साली हा मार्ग जागतिक वारसा ठरला.

दक्षिणेत प्रवासी मीटरगेज आता इथेच उरलं आहे. वर जायला जवळजवळ पाच तास लागतात. घाई असेल तर बस आहेच. पण खिडकी मात्र या गाडीचीच धरा!